फावड्यांचा कौल

पाटाच्या शेपटाला जन्मलेल्या माणसाला वाट बघणं आणि शिव्या देणं ही दोन कामं शिकवावी लागत नाहीत, असं पायाब गावात म्हणतात. सखीदादला दोन्ही उत्तम यायची. हरीरूद नदीतून निघालेला तो पाट चार गावं पाजत पाजत येतो. पहिलं सरबंद, सगळ्यांत मोठं, बाजाराचं गाव. शेवटचं पायाब, आणि त्यापुढे नुसतं उजाड रान. सरबंदच्या माणसानं नुसती कूस बदलली तरी पायाबचं पाणी कमी होतं.

लढाईच्या वर्षांत सगळं पायाब गाठोडी बांधून इराणात गेलं. सखीदादही गेला, मशहदच्या वीटभट्टीवर तारुण्य जाळून बसला. तिथेच त्याचं शाहपरीशी लग्न झालं, तिथेच नादेर झाला. "ए अफगाणी" या हाकेला ओ देत देत केस पांढरे झाले आणि एक दिवस त्यानं फावडं खाली टाकलं. म्हणाला, "उपाशी मरायचं तर आपल्या मातीत मरू." परत आला तर पाटात पुरुषभर उंचीची झुडपं. त्या वर्षी चारी गावांनी मिळून इर्जिक केली, पाट उपसला आणि पाणी आल्यावर मीराब निवडायला बसले.

मीराब म्हणजे पाण्याचा कारभारी. कुणाची पाळी कधी, कुणी चोरून दारं फोडलं, कुणाच्या बांधावरून मारामारी, सगळं त्याच्याकडे. निवडायची रीत जुनी. वसंतात नवरोजला नवं वर्ष लागलं आणि पाट उपसून झाला की सगळे काठावर जमायचे. ज्यांची नावं निघतील ते पाण्याकडे पाठ करून बसायचे आणि जो जो इर्जिकीत राबला तो आपलं फावडं आपल्या माणसापुढे मातीत रोवायचा. ज्याच्यापुढे फावड्यांचं रान जास्त, तो मीराब. तो शेपटाच्याच गावाचा हवा, हा नियम. वरच्या गावाचा माणूस स्वतःचं भिजलं की झोपतो. शेपटाचा माणूस पाणी पार आपल्या शेतात पोचेपर्यंत झोपत नाही आणि त्यात सगळ्यांचंच भिजतं. आणि ज्याला निवडायचं त्यानं तीनदा नाही म्हणायचं. जो पहिल्या हाकेला हो म्हणतो त्याला पाणी वाटायचं नसतं, चोरायचं असतं, असं म्हातारी माणसं सांगत. वर्षात कधीही मन बदललं तर काठावर येऊन सगळ्यांदेखत आपलं फावडं उपटून न्यायचं. अशी दोन मीराबांची गच्छंती सखीदादच्या आजोबांनी पाहिली होती.

सखीदादनं रीतसर तीनदा नाही म्हटलं, चौथ्या हाकेला "तुमची मर्जी" म्हणून मान झुकवली आणि मीराब झाला. पुढची पाच वर्षं तोच. स्वभावानं कडू, पण पाण्याला सरळ. त्याचा चुलतभाऊ मलंग तेवढा मागे लागलेला असायचा. "मीराब, काल माझी पाळी अर्धवट तोडलीस." "तुझं शेत गाळणीसारखं आहे, त्याला मी काय करू?" हे दोघांचं बारा महिने चालायचं.

एका शरदात परदेशी फौजेचा कप्तान आला. फौज येऊन बरीच वर्षं झाली होती, पण पायाबमध्ये बूट पहिल्यांदाच उमटले. माणूस वाईट नव्हता. उंच, उन्हानं लाल झालेला, दारातच बूट काढणारा. बरोबर दुभाष्या वहीद, काबूलचा पोरगा. त्याच्या लेखी पाणी नळातून येत असे.

शाहपरीनं घरात होतं नव्हतं ते शिजवलं. गाजर-मनुका घातलेला भात, वर कोंबडी. कप्तान जेवला, पोट थोपटलं आणि विचारलं, "तुम्ही तुमचा प्रमुख कसा निवडता?"

सखीदादनं सांगितलं. वहीदनं ते कप्तानाच्या भाषेत सांगितलं. कप्तानाच्या कपाळाला आठी पडली.

"उघड्यावर? सगळ्यांसमोर? मग दांडगा माणूस धाक दाखवत असेल."

"दाखवतो की," मलंग म्हणाला. "पण कोण कोण घाबरला तेही सगळ्यांना दिसतं."

"आणि बायका?"

बैठकीत एकदम खोकल्याची साथ आली. पडद्याआडून शाहपरीचा आवाज आला, "विचारा, विचारा. मीही केव्हाची विचारतेय."

मग कप्तानानं मुद्दा काढला. सरबंदच्या खाली, जिथून पाट खालच्या गावांकडे वळतो, तिथे दगड आणि झुडपांचा बांध होता. तो सदा गळायचा. कप्तान तिथे सिमेंट ओतून लोखंडी दार बसवून देणार होता, कुलपासकट. अट एकच. पाण्याची समिती हवी आणि तिचा अध्यक्ष गुप्त मतदानानं, पेटीतून निवडलेला हवा. "तुमच्या देशात आता लोकशाही आली आहे," तो म्हणाला. "ती पाटापर्यंत पोचली पाहिजे."

बंदुका दाराबाहेर होत्या, पण होत्या. आणि आपल्या घरात जेवलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं. सखीदादनं डोळ्यांवर हात ठेवून "शिरसावंद्य" म्हटलं. झालं, संमती झाली.

"तुम्ही उभे राहा," कप्तान म्हणाला. "सगळे तुमचं नाव घेतात."

"मी कुठला लायक," सखीदाद म्हणाला.

कप्तानाला नवल वाटलं. त्यानं पुन्हा विचारलं.

"माझ्याहून चांगली माणसं पडली आहेत."

"नक्की?"

"वय झालं साहेब. नको."

तीन नकार पुरे झाले. सखीदादनं पागोटं सावरलं, पाठ ताठ केली आणि चौथ्या हाकेची वाट बघत बसला. कप्तानानं आदरानं मान हलवली, वहीदला काही सांगितलं आणि बूट घालायला उठला.

गाडी गेल्यावर शाहपरी बाहेर आली. "नादेरचे बाबा, त्यानं चौथ्यांदा विचारलंच नाही."

"विचारेल. येईल परत."

"ज्याची गाडी बाहेर चालूच ठेवलेली असते त्यानं तीनदा विचारलं हेच खूप झालं."

तो आला नाही. सरबंदचा हाजी समद मात्र दुसऱ्याच दिवशी छावणीवर गेला. हा समद लढाईच्या काळात टोळी बाळगून होता. आता तोच फौजेला खडी पुरवत होता. त्यानं पहिल्या हाकेला हो म्हटलं, किंबहुना हाक मारायच्या आधीच. वर आपल्या मेहुण्यालाही उभं केलं. निवडणूक म्हटली की दोन नावं लागतात, एवढं त्याला नीट कळलं होतं.

नवरोजनंतर शाळेत पेटी आली. दारात सैनिक, वर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर. शाहपरी हौसेनं रांगेत उभी राहिली आणि विचारात पडून घरी आली.

"कसं होतं?" सखीदादनं विचारलं.

"रीत चांगली आहे हो. घडी घालायची, पेटीत टाकायची, कुणी बघत नाही. फक्त कागदावर दोन चोर होते आणि मला त्यातला एक उचलायचा होता." मग ती थांबून म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा मत द्यायला मिळालं आणि त्यात तुमचं नाव नाही. का, तर तुम्ही नवरीसारखे लाजलात."

सरबंदची वस्ती मोठी, मतं तिथलीच जास्त. समद निवडून आला. कप्तानानं किल्ली त्याच्या हातात दिली आणि भाषण केलं. वहीदनं शेवटचं वाक्य मोठ्यानं सांगितलं, "आजपासून तुम्ही तुमचे मालक."

"कालपर्यंत कोण होतो?" मलंगनं मागून विचारलं. वहीदनं ते काही कप्तानाला सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात डोंगरात बर्फ कमी पडलं होतं. वैशाखाचं ऊन लागलं तशी नदी बारीक झाली. गव्हाच्या ओंब्या बाहेर पडल्या होत्या, दाण्यात दूध भरायची वेळ होती. एक पाणी हवं होतं, फक्त एक. पण समदनं सरबंदच्या वरच्या पडीक रानात लसूणघास पेरला होता. पाट तिकडे वळला आणि लोखंडी दार बंद झालं. जुना बांध गळायचा, कितीही लबाडी केली तरी थोडं पाणी खाली यायचंच. हे नवं दार मात्र अस्सल माल होतं, त्यातून थेंब गळत नव्हता.

पायाबची शेतं पांढरी पडायला लागली. गहू गेला तर पुन्हा गाठोडी, पुन्हा इराण, पुन्हा "ए अफगाणी", हे कुणी बोललं नाही, पण प्रत्येकाच्या घरात ते येऊन बसलं होतं. नादेर आधीच मशहदला गेलेला. त्याचा फोन आला, "बाबा, इथे खोली बघून ठेवू का?" सखीदादनं फोन बंद केला आणि समदकडे गेला.

समदनं चहा दिला, साखरही दिली. "मीराब, मी निवडून आलोय," तो म्हणाला. "तू तर तीनदा नाही म्हणालास. सभा साक्षीला आहे."

"रीत तुला ठाऊक आहे, समद."

"मला आहे. त्यांना नाही. मग चूक कुणाची?"

सखीदाद तसाच छावणीवर गेला. वाळूच्या पोत्यांमागे तीन ठिकाणी अंग तपासून घेतलं, पागोटंसुद्धा उलगडून दाखवलं. कप्तानानं शांतपणे ऐकलं. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं.

"पुढची निवडणूक दोन वर्षांनी आहे," तो म्हणाला. "तोवर थांबा."

"गहू थांबत नाही."

"निकाल आवडला नाही म्हणून मोडता येत नाही. लोकशाही म्हणजे हेच."

सखीदादनं जरा विचार केला. "साहेब, एक विचारू? तुमच्या मुलखात ही पेटी कुणी आणली? बाहेरून कुणी बंदुका घेऊन आलं होतं का, अशी निवडणूक करा म्हणून?"

वहीदनं सांगितलं. कप्तान म्हणाला, "नाही. ते आमच्या लोकांनी मिळवलं. झगडून. पिढ्यान् पिढ्या."

"मग?" सखीदाद म्हणाला.

वहीदनं तो एवढासा शब्दही इमानदारीनं पोचवला. कप्तानानं टेबलावरचा पेला उगाच इकडचा तिकडे ठेवला.

परतीच्या वाटेवर सखीदादला राग आला तो कप्तानाचा नव्हे, स्वतःचा. पाहुण्याचा मान म्हणून मान डोलावली आणि गावाचं पाणी घालवलं. घरी येऊन त्यानं फावडं उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या नमाजानंतर मशिदीपुढे उभा राहून म्हणाला, "मी बांधाकडे निघालोय. ज्याला इराणला जायचंय त्यानं घरी बसावं."

गावात तरणे बाप्ये उरले होते कुठे. म्हातारे निघाले, मलंग निघाला आणि मागून बायका निघाल्या. शाहपरी सगळ्यांत पुढे, खांद्यावर परसातलं फावडं.

"हे बायकांचं काम नाही," सखीदाद म्हणाला.

"गव्हाची रोटी थापताना ते आठवलं नाही कधी. सरका."

दारापाशी समदची बंदूकवाली पोरं उभी होती. पण पोरं आकाशातून पडलेली नव्हती, सरबंदचीच होती. लसूणघासाच्या पायी सरबंदच्या साध्या शेतकऱ्यांच्याही पाळ्या समदनं खाल्ल्या होत्या. पलीकडून त्यांचाही एक घोळका आला, पुढे बरातकाका, सरबंदमधला सगळ्यांत वयस्क माणूस. त्याचा नातूच बंदूक घेऊन उभा होता.

"आजोबा, मागे व्हा. हुकूम आहे," नातू म्हणाला.

"तुझ्या बापाचं नाक मी पुसलंय. मला हुकूम सांगतोस? दर वसंतात नदीचा बंधारा वाहून जातो तेव्हा तो बांधायला कोण येतं? हा पायाबवाला येतो. त्याचं पाणी तोडलं तर उद्या चिखलात तू उतरणार का हे जोडे घालून?"

पोरगा जोड्यांकडे बघत राहिला. तेवढ्यात फौजेच्या दोन गाड्या धुरळा उडवत आल्या. कप्तान उतरला, हात वर केला. सैनिक गाड्यांमागे पसरले. वहीदनं ओरडून सांगितलं, "दार सरकारी योजनेचं आहे. हात लावलात तर गुन्हा होईल."

"दाराला कोण हात लावतंय?" सखीदाद म्हणाला. "दार तुमचं, सांभाळा. कुलूप समदचं, त्यानं गळ्यात घालावं. ही बाजूची माती आमची आहे. आमच्या बापजाद्यांनी उपसलेली. ती आम्ही उकरणार. गोळी घालायची असेल तर घाला, पण मग लोकांना सांगताना नीट सांगा, की हे लोकशाहीसाठी केलं म्हणून."

आणि त्यानं पहिलं फावडं मारलं. दुसरं शाहपरीनं मारलं. मग मोजायला कुणाला वेळ होता. इकडून पायाब, तिकडून सरबंद, मध्ये ओली माती. मलंग घाम पुसत म्हणाला, "मीराब, जरा डावीकडे घे, नाहीतर माझी पाळी इथेही तोडशील." लोक हसले आणि भीती जराशी सैल झाली. कप्तान गाडीपाशी उभा राहून वायरलेसवर बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. वरून काय हुकूम यायचा होता कोण जाणे. तो यायच्या आत माती फुटली आणि पाणी सिमेंटला वळसा घालून खालच्या अंगाला उतरलं. मधोमध ते दार कुलपासकट उभं होतं. कप्तानानं सैनिकांना बंदुका खाली करायला सांगितल्या. एवढं त्याचं ऋण पायाब मानतं.

पाट कोरडा पडलेला असल्यानं पाणी वाटेतच पुष्कळ मुरलं. तरी संध्याकाळी शेपटाच्या शेवटच्या वाफ्यात पाणी शिरलं तेव्हा सखीदाद बांधावर बसून रडला. लोकांदेखत रडला आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. गहू नेहमीच्या निम्मा झाला, पण कुणी इराणला गेलं नाही.

कापणीनंतर कप्तान पुन्हा आला. या वेळी त्यानं गाडी बंद केली. "माझी चूक झाली," तो म्हणाला. "हाजीला मी काढतो. निवडणूक वगैरे नको. अध्यक्ष तुम्ही. मी कागद काढतो."

"नको," सखीदाद म्हणाला.

वहीदला एव्हाना रीत कळली होती. तो कप्तानाच्या कानाला लागला. कप्तान हसला आणि त्यानं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, मोठ्या अगत्यानं चौथ्यांदा विचारलं. सखीदादनं चारही वेळा नाही म्हटलं आणि पाचव्यांदा कुणी न विचारता म्हटलं. "साहेब, तुम्ही मला बसवलंत तर मी तुमचा माणूस. उद्या तुम्हीच उठवाल. चहा घ्या."

नवरोज आला. पाट उपसून झाला. समद आला नाही. पेटीही आली नाही. सखीदाद पाण्याकडे पाठ करून ठरल्या जागी बसला, मनातून अगदी निर्धास्त. ज्यानं गाव वाचवलं त्याला कोण नाही म्हणणार? त्याच्या शेजारी लोकांनी मलंगला बसवलं. मलंगनंही तीनदा नाही म्हटलं, जरा घाईघाईनं, पण म्हटलं.

मग बायका फावडी घेऊन उभ्या राहिल्या आणि गलका झाला. असं कधी झालं नव्हतं. म्हातारे म्हणाले, ही कुठली फिरंगी थेरं. शाहपरी म्हणाली, "फिरंग्याचं नाव कशाला घेता? रीत तुमचीच आहे. जो राबला त्याचं फावडं. बांध फोडताना मी राबले की नाही? आणि आज सकाळपासून गाळ कोण वाहतंय?"

सगळ्यांनी बरातकाकाकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं बराच वेळ दाढी कुरवाळली. "रीत तर तीच आहे," तो शेवटी म्हणाला. "मला आवडत नाही. पण आहे तीच."

फावडी रोवली जाऊ लागली. थोडी सखीदादपुढे, बरीच मलंगपुढे. गेल्या उन्हाळ्यात सखीदाद फार चढला होता, हे खरंच होतं. बांध फोडल्यापासून पाणी पुन्हा तोच वाटत होता आणि कुणाचं ऐकेनासा झाला होता, पाळ्या मनाला येतील तशा फिरवत होता, कुणी बोललं की "तेव्हा कुठे होतास?" म्हणून तोंड बंद करत होता. शाहपरी दोघांच्या मध्ये थांबली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग दोन पावलं बाजूला सरकून तिनं फावडं मलंगपुढे रोवलं.

घरी आल्यावर दार लागलं तसा सखीदाद फुटला. "सगळ्यांदेखत?"

"चोरून टाकायची पेटी होती की. ती तुम्हालाच नको झाली."

"गाव वाचवलं मी."

"वाचवलंत. जन्मभर सांगेन नातवंडांना. पण माझ्या भाजीच्या वाफ्याच्या दोन पाळ्या खाल्ल्यात, का, तर मीराबच्या घरचे लाड दिसू नयेत. आणि त्या विधवेला, अनारगुलला, माझ्यासमोर हिडीसफिडीस केलंत. तेव्हाच ठरवलं मी."

दोन दिवस त्यानं तिच्या हातचा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी फौजेची गाडी दारात थांबली. फौजेचा तळ हलणार होता. कप्तान निरोप घ्यायला आला होता. त्याला बातमी कळली होती.

"तुमच्यावर अन्याय झाला," वहीदनं त्याचं बोलणं सांगितलं. "साहेब विचारतात, जाण्यापूर्वी काही करू का? मलंगला बोलावून समज देतो."

सखीदादचं तोंड अजून फुगलेलंच होतं. पण हे ऐकलं आणि तो ताडकन उठून उभा राहिला.

"साहेबांना सांग, अन्याय झाला असेल तर माझा मी भांडेन. मलंग गाढव आहे, हे मी त्याच्या तोंडावर सांगेन. माझ्या बायकोची अक्कल गहाण पडली आहे, तेही तिला रोज सांगतोय. पण मला पाडलं ते माझ्या गावानं पाडलं. तुम्ही कोण मला उभं करणारे?"

वहीदनं या वेळी एकही शब्द गाळला नाही. कप्तानानं मान हलवली, हात पुढे केला. सखीदादनं तो दोन्ही हातांत घेतला, पाहुण्याचा घ्यायचा तसाच. गाडी गेली. मग त्यानं आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "चहा ठेव. आज आपली पाळी आहे आणि त्या मलंगनं अजून दारं सोडलेलं नाही." चहाची वाट न बघता तो फावडं खांद्यावर टाकून मीराबशी भांडायला निघाला.